मतपत्रिकेवरचे रिकामे रकाने

वाचकाचं पत्र

"ताई, नमस्कार.

मी अमेरिकेत, कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटला राहते, वय ४४. माहेर-सासर दोन्ही कराड तालुक्यातलं. एस. वाय. बी. कॉम.ची परीक्षा दिली आणि लग्न ठरलं, टी. वाय. राहिलं ते राहिलंच. २००७ साली इथे आले. २०२४च्या उन्हाळ्यात नागरिकत्व मिळालं. त्यासाठी शंभर प्रश्न तोंडपाठ केले होते. तेव्हा त्यातले दहा विचारायचे, सहा बरोबर यावे लागायचे. माझे पहिले सहाच्या सहा बरोबर आले, तिथेच थांबवलं. घरी येऊन शिरा केला.

मग ऑक्टोबरात टपालाने मतपत्रिका आली, सोबत जाडजूड माहितीपुस्तिका. अध्यक्षपदाचा गोल भरला. पुढे शाळेचं बोर्ड, कसले कसले डिस्ट्रिक्ट आणि राज्याचे दहा प्रस्ताव, प्रत्येकावर मतदारानेच 'हो' की 'नाही' सांगायचं. रात्री उशिरापर्यंत टेबलाशी बसून वाचलं. घरभाड्याच्या प्रस्तावाला 'हो' म्हटलं तर भाडं कमी होणार की वाढणार, तेच कळेना. शेवटी उरलेले रकाने रिकामे सोडले, पाकिटावर सही केली आणि टाकून आले. कुणाला सांगितलं नाही, पण तेव्हापासून टोचतंय. माझी आई १९९७ ते २००२ ग्रामपंचायत सदस्य होती, सातवी शिकलेली. पाच वर्षांत तिने आमच्या वाडीवर नळ आणला. आणि मला साधी मतपत्रिका भरता येईना.

आता ओलोनी या इथल्या दोन वर्षांच्या कम्युनिटी कॉलेजात राज्यशास्त्र घ्यावं असं मनात आहे. अहो म्हणतात, 'राज्यशास्त्र शिकून निवडणूक लढवायची आहे का? त्यापेक्षा मेडिकल बिलिंगचा कोर्स कर, लगेच नोकरी लागेल.' भिशीतल्या मैत्रिणी म्हणतात, कम्युनिटी कॉलेज म्हणजे ज्यांना कुठे ॲडमिशन मिळत नाही त्यांचं. लेक बारावीत आहे, तिथलाच एक विषय घेते. ती म्हणाली, 'आई, ये, पण माझ्या वर्गात नको.' इंग्रजी बोलते, लिहायची भीती वाटते. काय करू?"

उत्तर

घ्या. येत्या सेमिस्टरलाच घ्या. 'लेक कॉलेजला गेली की बघू' म्हणालात तर तेही टी. वाय.सारखंच राहून जाईल.

आधी त्या रिकाम्या रकान्यांचं बोलू, कारण तुमचं पत्र मला तिथे अडकलेलं दिसतं. रकाने रिकामे सोडल्याने मतपत्रिका बाद होत नाही. तुम्ही भरलेला गोल मोजला गेला आहे. वरची मोठी पदं भरायची आणि खाली येईतो थांबायचं, हे इतके मतदार करतात की राज्यशास्त्रात त्याला 'रोल-ऑफ' असं नाव आहे. कुठले मतदार थांबतात, कुठे थांबतात, मतपत्रिका लांबली की हे प्रमाण वाढतं का, यावर अभ्यासकांनी वर्षानुवर्षं काम केलं आहे. ज्यापायी तुम्ही इतके दिवस स्वतःला बोल लावत आहात, तो या विषयातला एक अख्खा प्रश्न आहे.

आणि तो घरभाड्याचा प्रस्ताव, क्रमांक ३३. तुम्हाला कळला नाही कारण तुम्ही त्यात भाडं किती होणार ते शोधत होता. प्रस्तावात विचारलं होतं दुसरंच. भाड्यावर मर्यादा घालायचा शहरांचा अधिकार १९९५च्या एका राज्य कायद्याने आवळला आहे. तो कायदा काढून टाकायचा का, हा मुख्य प्रश्न. म्हणजे भाडं कोण ठरवणार: शहर, राज्य की घरमालक? राज्यशास्त्रात पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत हेच विचारतात, कोण ठरवणार आणि त्याला तो अधिकार कुणी दिला. तो प्रस्ताव पडला. त्याच मतपत्रिकेवर क्रमांक २चा प्रस्ताव होता, शाळा आणि कम्युनिटी कॉलेजांच्या इमारतींसाठी दहा अब्ज डॉलरचे रोखे काढण्याचा. त्यातले दीड अब्ज कम्युनिटी कॉलेजांसाठी होते. तो मंजूर झाला. तुम्ही ज्या वर्गात बसायचं म्हणताय, त्याच्या छपराचा खर्च तुमच्या टेबलावर मतदानाला आला होता. ओलोनीचा कारभार पाहणारे विश्वस्तही फ्रीमाँट आणि शेजारच्या नेवार्कच्या मतदारांनीच निवडून द्यायचे असतात. डिस्ट्रिक्ट म्हणजे इथे एकेका कामापुरतं आखलेलं क्षेत्र; तुमच्या 'कसले कसले डिस्ट्रिक्ट'मध्ये कॉलेजचाही एक डिस्ट्रिक्ट आहे.

मी हे एवढ्या पोटतिडकीने का लिहितेय ते सांगते. सातारा जिल्ह्यातल्या एका कॉलेजात मी बरीच वर्षं राज्यशास्त्र शिकवलं, आणि मग कॅलिफोर्नियात येऊन एका कम्युनिटी कॉलेजात अर्धवेळ शिकवलं. दोन्हीकडे विषय तोच. तिकडे मुलं कला शाखेत दुसरं काही मिळालं नाही म्हणून राज्यशास्त्र घ्यायची. इकडे माझ्या संध्याकाळच्या वर्गात दिवसभर काम करून आलेली माणसं असायची. त्यांना घरच्या कुणी पाठवलेलं नसायचं, स्वतःच्या मनाने आलेली असायची. तुमच्यासारख्या बायका मी त्या वर्गात पाहिल्या आहेत. त्या मागच्या रांगेत बसायच्या आणि सहाव्या आठवड्यापासून वर्ग त्यांच्यामुळे चालायचा.

मैत्रिणींचं म्हणणं अर्धं खरं आहे. कम्युनिटी कॉलेज कुणालाही नाकारत नाही. पण ते ठरवून तसं केलेलं आहे. १९६० साली कॅलिफोर्नियाने उच्च शिक्षणाचा एक बृहद् आराखडा केला. शाळेतून वरच्या साडेबारा टक्क्यांत येणाऱ्यांसाठी युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया, वरच्या एक तृतीयांशासाठी स्टेट युनिव्हर्सिटी, आणि शिकायची इच्छा असलेल्या बाकी प्रत्येकासाठी कम्युनिटी कॉलेज. शिवाय तिथून दोन वर्षांनी वरच्या दोन्हींत जायची वाट. आज राज्यात अशी ११६ कॉलेजं आहेत आणि त्यांत वीस लाखांच्या आसपास विद्यार्थी शिकतात. त्यात तुमच्या लेकीसारखी, बारावीतच कॉलेजचे विषय उरकणारी हुशार मुलंही आली. प्रवेशाचं दार रुंद आहे म्हणून आतला अभ्यास सोपा, असं मात्र समजू नका. पहिल्या निबंधालाच ते कळेल.

फीचं आधी सांगते, म्हणजे घरात बोलायला सोपं जाईल. राज्याच्या रहिवाशाला एका युनिटला, म्हणजे एका क्रेडिटला, ४६ डॉलर. राज्यशास्त्राचा नेहमीचा विषय तीन युनिटांचा, म्हणजे १३८ डॉलर, वर किरकोळ शुल्क. पुष्कळ शिक्षक फुकटचं पुस्तक लावतात. 'ओपनस्टॅक्स'चं 'अमेरिकन गव्हर्नमेंट' हे पूर्ण पाठ्यपुस्तक इंटरनेटवर मोफत आहे. वर्गांच्या वेळापत्रकात पुस्तकाचा खर्च नसलेल्या वर्गापुढे खूण असते, ती बघून वर्ग निवडा. आणि या १३८ डॉलरमागेही तुमचा विषयच आहे. १९८४पर्यंत ही फी शून्य होती. १९७८ साली मतदारांनी १३ क्रमांकाचा प्रस्ताव मंजूर करून घरपट्टीला लगाम घातला. कॉलेजं तोवर बरीचशी स्थानिक घरपट्टीवर चालायची. तो पैसा आटला, निर्णय राज्याच्या राजधानीकडे, सॅक्रामेंटोकडे गेले आणि सहा वर्षांनी युनिटला पाच डॉलर फी सुरू झाली. टेबलाशी बसलेल्या मतदारांनी भरलेल्या गोलांचे परिणाम असे पन्नास-पन्नास वर्षं चालतात. म्हणून तुमचं टोचणं मला खोटं वाटत नाही.

आता विषयात काय असतं. कम्युनिटी कॉलेजात राज्यशास्त्राचे चार मुख्य विषय असतात: अमेरिकेची शासनव्यवस्था, तुलनात्मक राजकारण, आंतरराष्ट्रीय संबंध आणि राजकीय विचार. तुम्ही पहिल्याने सुरुवात करा. नागरिकत्वाच्या परीक्षेसाठी तुम्ही पाठ केलं असेल की घटनेला २७ दुरुस्त्या आहेत आणि प्रत्येक राज्याचे दोन सिनेटर असतात. वर्गात विचारतील, दोनच का? जवळजवळ चार कोटी वस्तीच्या कॅलिफोर्नियाचे दोन आणि सहा लाखांच्या आतल्या वायोमिंगचेही दोन, हे न्याय्य आहे का? इथे तुम्ही वर्गातल्या एकोणीस वर्षांच्या मुलांच्या पुढे असाल, कारण तुम्हाला दुसरी तऱ्हा ठाऊक आहे. आपल्या राज्यसभेत महाराष्ट्राच्या १९ जागा आणि गोव्याची एक. दोन्ही देश संघराज्यं, दोन्हीकडे वरचं सभागृह राज्यांचं, तरी एकाने सगळ्या राज्यांना सारखं मोजलं आणि दुसऱ्याने लोकसंख्या बघितली. असं का झालं, हे शोधायला लागलात की अमेरिकेची घटना जिथे लिहिली गेली ते १७८७चं फिलाडेल्फिया आणि आपली संविधान सभा शेजारी शेजारी ठेवून वाचाल. वर्गात हात वर करून एवढं एक वाक्य बोललात, "इंडियात असं नाही", तरी शिक्षक तुम्हाला पुढे बोलतं करेल. मी तर अशा वाक्याची वाट बघायचे.

एक प्रसंग सांगते. माझ्या वर्गाला शहराच्या कौन्सिलची सभा बघून त्यावर लिहायचं काम असायचं. १९५३च्या ब्राउन कायद्यामुळे कॅलिफोर्नियातल्या प्रत्येक स्थानिक मंडळाला नियमित सभेची विषयपत्रिका ७२ तास आधी लावावी लागते आणि लोकांना बोलायला वेळ द्यावा लागतो. माझी एक विद्यार्थिनी, पन्नाशीची, रात्रपाळी करणारी, नुसती बघायला गेली नाही. बोलायला नाव देऊन बसली. तिच्या बसथांब्याला सावली नव्हती. दोन मिनिटं मिळाली. समोरचा हिरवा दिवा पिवळा झाला तेव्हा तिचं पान अर्धंही वाचून झालं नव्हतं. तिने मधलं सगळं सोडून शेवटची ओळ वाचली. एक सदस्य म्हणाले, "धन्यवाद, स्टाफ यात लक्ष घालेल." पुढच्या तासाला तिने मला विचारलं, "स्टाफ म्हणजे कोण? त्यांना मी मत दिलं होतं का?"

त्या प्रश्नावर आमचा पाऊण तास गेला, आणि तो माझा त्या वर्षातला सर्वांत चांगला तास होता. कॅलिफोर्नियातल्या बहुतेक शहरांत, तुमच्या फ्रीमाँटमध्येही, निवडून आलेलं कौन्सिल धोरण ठरवतं आणि रोजचा कारभार पगारी सिटी मॅनेजर चालवतो. त्याला मत कुणी देत नाही; कौन्सिल नेमतं आणि कौन्सिलच काढू शकतं. मी वर्गाला आमच्याकडचं सांगितलं. महापालिकेचा आयुक्त राज्य सरकार पाठवतं, नगरसेवकांना तो परस्पर बदलता येत नाही. मग नागरिकाने धरायचं कुणाला? निवडून आलेला म्हणतो, अधिकाऱ्याने केलं नाही. अधिकारी म्हणतो, ठराव झाला नाही. वर्गातल्या प्रत्येकाने हे आपापल्या देशात ऐकलेलं होतं. त्या बाईंनी पुढचं पत्र सिटी मॅनेजरच्या कार्यालयाला लिहिलं. सावली झाली का, ते मला शेवटपर्यंत समजलं नाही, सेमिस्टर संपलं.

तुमच्या आईकडे येते. पत्रात तुम्ही दोन वाक्यांत त्यांना उरकलंत. दुसरा विषय, तुलनात्मक राजकारण, घ्याल तेव्हा त्या दोन वाक्यांचं मोल कळेल. ७३ वी घटनादुरुस्ती १९९२ सालची. तिने ग्रामपंचायतीत एक तृतीयांश जागा बायकांना दिल्या (महाराष्ट्राने पुढे २०११ साली त्या निम्म्या केल्या). तुमच्या आई त्या सुरुवातीच्या बायकांतल्या. तेव्हा सगळे म्हणायचे, बाई नावाला आणि कारभार नवऱ्याचा. पुष्कळ ठिकाणी तसं होतंही. पण राघवेंद्र चट्टोपाध्याय आणि एस्थर डुफ्लो या दोघा संशोधकांनी पश्चिम बंगाल आणि राजस्थानमधल्या पंचायती तपासल्या, २००४ साली त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. प्रमुखपद चिठ्ठ्या टाकल्यासारखं, फिरत्या क्रमाने बायकांना राखीव होत होतं, म्हणून राखीव आणि बिनराखीव गावांची चोख तुलना करता आली. बाई प्रमुख असलेल्या ठिकाणी पिण्याच्या पाण्यावर जास्त काम झालेलं दिसलं, कारण पाणी भरायचा त्रास बायकांचा होता. जगभरच्या विद्यापीठांत हा निबंध वाचतात. तुमच्या आई पंचायतीच्या प्रमुख नव्हत्या, सदस्य होत्या, तरी वाडीवरचा नळ त्याच गोष्टीचा भाग आहे. तुम्हाला तो घरातला किस्सा वाटतो. वर्गात तो पुरावा म्हणून मांडता येईल, आणि प्रश्नही विचारता येईल: सगळ्या वाड्यांना मिळाला की फक्त आपल्या?

इंग्रजी लिहिण्याची भीती. ही भीती मी हलकी करणार नाही, तिच्यामागे खरं कारण आहे, आणि ते इंग्रजीच्या पलीकडचं आहे. आपण परीक्षेत काय लिहायचो? "राज्यसंस्थेची व्याख्या सांगून तिचे घटक स्पष्ट करा." व्याख्या पाठ, घटक पाठ, मार्गदर्शकातला परिच्छेद जसाच्या तसा. जितका जसाच्या तसा तितके गुण जास्त. इथे तोच परिच्छेद जसाच्या तसा उतरवला आणि कुठून घेतला ते लिहिलं नाही तर चोरी धरतात. शून्य मिळतं, वर नोंद होते. माझ्याकडे एकदा आपल्याकडचीच एक मुलगी रडत आली होती. तिने काही लपवलं नव्हतं, तिला ते अभ्यास केल्याचं लक्षण वाटलं होतं. इथला प्रश्न असा येतो: "इलेक्टोरल कॉलेज (राष्ट्राध्यक्ष निवडणारं राज्यांच्या प्रतिनिधींचं मंडळ) ठेवावं की काढावं? तुमची बाजू मांडा." पहिल्या परिच्छेदात स्वतःचं मत एका वाक्यात, मग कारणं, मग विरुद्ध बाजूचं सर्वांत बळकट म्हणणं आणि त्याला उत्तर. भिशीत एखाद्या गोष्टीवरून वाद होतो तेव्हा तुम्ही हेच करता. आधी मराठीत लिहा. मत, कारणं, उलट बाजू, सगळं मराठीत कागदावर आलं की मग इंग्रजीत करा. व्याकरणाला कॉलेजात मोफत शिकवणी-केंद्र असतं, तिथे निबंध घेऊन जाता येतं. तिथे बसलेला शिकवणारा मुलगा तुमच्या लेकीच्या वयाचा असेल, तरी जा.

आता अहोंचं म्हणणं. निवडणूक लढवायला राज्यशास्त्र लागत नाही. आपल्या बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार रसायनशास्त्रात पीएच.डी. झालेले, आणि २०२३ पासून मिशिगनमधून अमेरिकेच्या काँग्रेसमध्ये आहेत. शाळेच्या बोर्डाची निवडणूक लढवायची झाली तर तुम्हीही कुठल्याही पदवीशिवाय लढवू शकता. पण नोकरीचा त्यांचा मुद्दा बाजूला सारू नका, तो घर चालवणाऱ्या माणसाचा मुद्दा आहे. दोन वर्षांच्या राज्यशास्त्राच्या पदवीवर थेट नोकरी लागत नाही, हे खरंच आहे. घरात पैशाची निकड असेल तर मेडिकल बिलिंग आधी करा. सोबत हा एक विषय बसतो. निकड नसेल तर मात्र 'उपयोग काय' या प्रश्नाचं उत्तर पहिला विषय पुरा होईपर्यंत कुणालाच देऊ नका. स्वतःलाही नाही.

पुढे जावंसं वाटलं तर वाट अशी आहे. २०१०च्या एका कायद्याने राज्यशास्त्रात 'असोसिएट डिग्री फॉर ट्रान्सफर' मिळते. ६० युनिटं पुरी केली की स्टेट युनिव्हर्सिटीच्या व्यवस्थेत कुठे ना कुठे तिसऱ्या वर्षाला प्रवेश पक्का. तुम्हाला हेवर्डचं ईस्ट बे किंवा सॅन होजे स्टेट घरून जाऊन-येऊन जमण्यासारखं आहे. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाच्या सहा शाखा (डेव्हिस, अर्वाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सँटा बार्बरा, सँटा क्रूझ) ठरलेले विषय आणि गुण असले तर प्रवेशाची हमी देतात. बर्कलीची अशी हमी नसते, पण कम्युनिटी कॉलेजातून तिथेही दरवर्षी विद्यार्थी जातात. हिशेब खरा करा: सेमिस्टरला एकच विषय घेतलात तर साठ युनिटांना दहा वर्षं लागतील. सेमिस्टरला दोन आणि उन्हाळ्यात एक घेतलात तर चार. म्हणून पहिला विषय झाला की काउन्सेलरची वेळ घ्या, आणि तेव्हा शिवाजी विद्यापीठातून तुमच्या एफ. वाय.-एस. वाय.च्या गुणपत्रिका मागवून त्यांचं मूल्यमापन करून घ्या. त्यातली काही युनिटं धरली गेली तर एखादं वर्ष वाचेल. नोकऱ्या पुढे शहर आणि काउंटीच्या कचेऱ्यांत असतात, शाळांच्या कार्यालयांत असतात, कायद्याकडेही वळता येतं. आणि निवडणुकीच्या वेळी मतदान केंद्रावर मानधनावर काम करायला तर पदवी लागतच नाही. पुढच्या निवडणुकीला नाव द्या. मतपत्रिका दुसऱ्या बाजूने कशी दिसते ते बघायला मिळेल.

घरात एक गोष्ट आधीच स्पष्ट करा, नाहीतर चौथ्या आठवड्यात भांडण होईल. तीन युनिटांचा विषय म्हणजे आठवड्याला तीन तास वर्ग आणि साधारण सहा तास घरचा अभ्यास. हे नऊ तास कुठून येणार? स्वयंपाकातून, झोपेतून की टीव्हीतून? कुठली दोन जेवणं अहो करतील ते वार ठरवून भिंतीवर लावा. 'जमेल तसं बघू' असं ठेवलंत तर बाईचा अभ्यास घरातल्या सगळ्या कामांच्या शेवटी जातो, हे मी दोन्ही देशांत बघितलं आहे.

वर्ग प्रत्यक्ष घ्या, पहिला तरी ऑनलाइन नको. ओलोनीचा परिसर मिशन बुलेव्हार्डच्या चढावर आहे, पायऱ्या पुष्कळ; पहिल्या आठवड्यात वीस मिनिटं आधी जा. वर्ग भरलेला दिसला तरी प्रतीक्षायादीत नाव घाला आणि पहिल्या तासाला जाऊन बसा. पहिल्या दिवशी न येणाऱ्यांची नावं काढतात आणि जागा होते. शिक्षक अर्धवेळ आहे का ते विचारून घ्या. अर्धवेळ माणूस तास संपला की दुसऱ्या कॉलेजकडे गाडी हाकत असतो, मी स्वतः दोन कॉलेजांमधल्या वाटेवर गाडीत डबा खाल्ला आहे. त्याचे भेटीचे तास थोडे असतात. ते लिहून ठेवा आणि पहिल्या पंधरवड्यात एकदा तरी जाऊन भेटा, काही अडलं नसलं तरी. विषय गुणांसाठी घ्या. 'नुसतं पास' हा पर्याय असतो, भीतीपोटी तो घेऊ नका, पुढे ट्रान्सफरला अडचण होते. अगदीच झेपलं नाही तर विषय सोडायची शेवटची तारीख वेळापत्रकात असते. ती कॅलेंडरवर लिहून ठेवा आणि त्या तारखेपर्यंत सोडायचा विचार मनात आणू नका.

लेकीचं म्हणणं मान्य करा, तिच्या वर्गात जाऊ नका. पण तिच्या निबंधांना शिक्षकांनी काय शेरे लिहिलेत ते तिला दाखवायला सांगा.

आणि आज-उद्या कराडला फोन लावाल तेव्हा आईला नीट विचारा. नळाचा ठराव कितव्या सभेत आला, मांडला कुणी, अनुमोदन कुणाचं, विरोधात कोण बोललं, पैसे कुठल्या योजनेतून आले, ग्रामसेवकाने किती दिवस कागद अडवला. जमलं तर ठरावाच्या पानाचा फोटो मागवा. त्या जे सांगतील ते त्यांच्याच शब्दांत, तारखेसकट वहीत उतरवून ठेवा, आणि वहीची पुढची दोन पानं कोरी सोडा, कारण दुसऱ्या दिवशी त्यांना आणखी आठवेल.